दवणीच्या गालावरचा इलाज

एका जंगलात, बाळांनो, सगळं जागच्या जागी होतं. नदीला पाणी होतं, झाडांना फळं होती, वाघाला भूक होती आणि हरणांना पाय होते. एवढं असलं की जंगल चालतं. त्याला शिबिरं लागत नाहीत. पण ते पुढे.

त्या जंगलात लालतोंड्या माकडांची एक टोळी राहायची. टोळीत दवणी नावाची एक माकडीण होती. नुकती वयात आलेली. अंगाने सडपातळ, स्वभावाने साधी आणि आवाजाने अशी, की ती ओरडली की नदीपलीकडच्या टेकडीवरचे पोपट उडायचे.

या आवाजामुळेच तिला काम मिळालं होतं. पाणवठ्याच्या काठावर अर्जुनाचं एक उंच झाड होतं. ऊन उतरलं, हरणं पाण्यावर आली, की दवणी त्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसायची. गवत कुठे उगाच हलतंय का बघायची. पट्टे दिसले की 'खॅक्! खॅक्! खॅक्!' हरणं पसार. वाघ बिचारा नुसतं पाणी पिऊन घरी जायचा.

तिचं कोणी कौतुक करत नसे. रोज जे काम नीट होतं त्याचं कौतुक करायची पद्धत त्या जंगलातही नव्हती.

एक ठिपकी तेवढी करायची. ठिपकी म्हणजे एक चितळीण. तिला एक लहान पाडस होतं. पाणी पिऊन झालं की ठिपकी अर्जुनाखाली यायची, दवणी वरून तिला कोवळी पानं आणि शेजारच्या झाडावरून तोडून आणलेली उंबरं टाकायची, आणि दोघी गप्पा मारायच्या.

"तू वर असलीस ना," ठिपकी म्हणायची, "की मी मान खाली घालून पोटभर पाणी पिते. बाकी कुठे मला असं पिता येत नाही."

दवणीला हे ऐकून फार बरं वाटायचं. आता तुम्ही म्हणाल, मग गोष्ट सुखात चालली होती की. होती ना. म्हणून तर सरूमावशी आली.

सरूमावशी ही दवणीच्या आईची बहीण. दुसऱ्या टोळीत दिलेली. ती भेटायला आली की आधी सगळ्यांकडे निरखून बघायची आणि मग प्रत्येकाला त्याचं काय बिघडलंय ते सांगायची. त्याला ती माया म्हणायची.

"अगं बाई!" ती दवणीला बघून किंचाळली. "गालाला काय झालं गं तुझ्या?"

दवणीने गालाला हात लावला. तिथे एक पुटकुळी होती. शेजारी अजून दोन होत्या. हनुवटीवर एक धाकटी यायच्या तयारीत होती. दवणीला त्या माहीत होत्या, पण त्या दुखत नव्हत्या, झाडावर चढताना आड येत नव्हत्या आणि वाघाला बघून ओरडताना मध्ये पडत नव्हत्या. त्यामुळे तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"काही नाही, मावशी. पुटकुळ्या आहेत."

"काही नाही म्हणे! अगं, हे वय काय, हा चेहरा काय! पुढे कोण बघेल तुझ्याकडे?"

दवणी पाणवठ्यावर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाणी न पिता पाण्यात बघत बसली. जितका वेळ बघावं तितक्या पुटकुळ्या मोठ्या होत गेल्या. सकाळी त्या मोहरीएवढ्या होत्या. दुपारी बोराएवढ्या झाल्या. पाणी तेच होतं, गाल तोच होता. फक्त मावशी येऊन गेली होती.

संध्याकाळी तिने ठिपकीला विचारलं, "माझा चेहरा वाईट दिसतो का गं?"

ठिपकीने मान वर करून बघितलं. "इतक्या खालून मला तुझा चेहराच दिसत नाही. आवाज येतो."

"तुला अंगभर ठिपके. तुला कोणी काही बोलत नाही ते?"

"माझे जन्मापासूनचे आहेत ना. जन्मापासूनचे असले की त्याला नक्षी म्हणतात. मागाहून आले की रोग."

ठिपकी शहाणी होती, पण शहाण्याचं ऐकून कोणाचा गाल बरा झालाय? दवणीची आई तिला धनेशवैद्यांकडे घेऊन गेली.

धनेश म्हणजे ती मोठ्या चोचीची, राखी रंगाची पाखरं असतात ना, त्यातले हे म्हातारे. जुन्या सालईच्या झाडाच्या ढोलीत बसायचे. त्यांनी दवणीचा गाल उजेडाकडे वळवून बघितला, मान तिरपी करून दुसऱ्या डोळ्याने बघितला आणि म्हणाले, "या वयात होतात."

"मग?" आईने विचारलं.

"मग वय सरलं की जातात. साध्या पाण्याने तोंड धूत जा. बोट लावू नकोस, फोडू नकोस. फार वाढल्या, दुखायला लागल्या तर परत ये. मग औषध देईन."

"आणि लेप?"

"नको."

"पथ्य?"

"एखादी गोष्ट खाल्ली की वाढतात असं तुझं तुला दिसलं, तर ती कमी कर. बाकी सगळं खा. वाढतं वय आहे."

आई ढोलीतून बाहेर आली ती रागातच. "इतक्या लांब आलो, आणि हात हलवत परत! पाल्याचा एक तुकडासुद्धा दिला नाही. थकले आता वैद्य."

बाळांनो, लक्षात ठेवा. वैद्याने कडू दिलं तर तो चांगला. महाग दिलं तर फार चांगला. काहीच दिलं नाही तर तो थकला.

तोवर सरूमावशीने आपलं कर्तव्य केलं होतं. तिने दवणीच्या पुटकुळ्यांची बातमी जंगलभर पोचवली होती. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून उपाय आपल्या पायांनी चालत यायला लागले.

पहिला उपाय अर्थातच मावशीचा. कडुलिंब. पाला वाटून तोंडाला लावायचा आणि उरलेला चावून खायचा. दवणीने खाल्ला. तिचं तोंड इतकं कडू झालं की आईने लाडाने 'बाळ' म्हटलं तरी तिला ते कडू लागलं.

"गुण येतोय," मावशी म्हणाली. "कडू लागतंय म्हणजे रक्त शुद्ध होतंय."

मग रंभाजी अस्वल आलं. त्याच्या नाकाला मोहाची फुलं चिकटलेली होती आणि मिशांतून मध गळत होता.

"उष्णता!" ते म्हणालं. "पोरी, तुझ्या अंगात उष्णता आहे. गोड बंद कर. उंबर बंद. बोरं बंद. चिंच तर नावालाही नको."

"मग खाऊ काय, काका?"

"कमी खा. खाणं हेच सगळ्या रोगांचं मूळ आहे," असं म्हणून ते मिशा चाटत पोळ्याच्या झाडाकडे निघून गेलं.

त्यानंतर हैबतराव रानडुक्कर आले. त्यांनी सांगितलं की त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पुटकुळी झालेली नाही. कारण चिखल. सकाळ-संध्याकाळ चिखल. आता चिखलाखाली त्यांच्या घराण्याचा चेहरा कोणी बघितला होता, हे विचारायचं दवणीला सुचलं नाही. तिने चिखल लावला. मग खारीने लिंबू सांगितलं. लिंबाने इतकी आग झाली की दवणी फांदीवरून तोल जाऊन खाली आली. मग आग शमवायला मैनेने हळद सांगितली. हळद जाईना म्हणून भेकराने राख सांगितली.

सकाळी दवणी हिरवी असायची. दुपारी पिवळी. संध्याकाळी कोणत्या रंगाची असेल हे त्या दिवशी कोण भेटलं त्यावर अवलंबून असायचं. मध्ये जो थोडा वेळ मूळचा चेहरा दिसायचा, तो चोळून चोळून लाल झालेला असायचा आणि त्यावर आता पुटकुळ्यांबरोबर पुरळही होतं.

"बाहेर पडतंय," मावशी समाधानाने म्हणाली. "आत होतं ते बाहेर पडतंय."

कमी झालं की गुण आला, वाढलं की बाहेर पडतंय. बाळांनो, असा उपाय कधी हरत नाही. हरतो तो फक्त गाल.

खाणं तुटल्यामुळे दवणीला अर्जुनाच्या शेंड्यावर चढताना धाप लागायला लागली. ती मधल्या फांदीवर बसायला लागली. मधल्या फांदीवरून गवताचा पलीकडचा भाग नीट दिसत नाही. ती तरी काय करणार? पोटात कडुलिंब आणि डोळ्यांसमोर काजवे.

"तू आजकाल खाली बसतेस," ठिपकी एकदा म्हणाली.

"जरा अशक्तपणा आहे."

"मग उंबर खा ना. तूच तर मला टाकतेस."

"उंबर मला बंद आहे."

"कोणी बंद केलं?"

"अस्वलाने."

ठिपकी विचारात पडली. तिने अस्वलाला काल उंबराखाली बघितलं होतं. पण मैत्रिणीचं मन दुखवू नये म्हणून ती गप्प बसली. चांगल्या स्वभावाचं हे असं असतं.

अशातच जंगलात कांचनबाई आल्या.

कांचनबाई ही धामण. पण काय कांती! उन्हात निघाली की सोन्याचा पाट वाहतोय असं वाटावं. कुठे डाग नाही, कुठे खड्डा नाही. ती दगडावर येऊन पसरली की सगळ्या माकडिणी हातातलं काम टाकून बघत राहायच्या.

"ताई, तुम्ही काय लावता?" त्यांनी विचारलं.

"मी काही लावत नाही, सख्यांनो," कांचनबाई मंद हसत म्हणाल्या. "मी फक्त निसर्गाच्या जवळ राहते."

खरं म्हणजे कांचनबाई अधूनमधून दगडामागे जाऊन अंगावरची सगळी कातडी काढून टाकायच्या आणि नवी घालून बाहेर यायच्या. हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. त्यांची कात करवंदीच्या जाळीत सगळ्यांसमोर लटकत होती. पण कोणाला तसं मनात आणावंसं वाटलं नाही. तसंच, त्या आपण केवळ फलाहार करतो असं सांगायच्या. या बाबतीत बेडकांचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

कांचनबाईंनी पाणवठ्याच्या काठी कांतिशिबिर जाहीर केलं. चिखल, कडुलिंब, हळद, मध, राख, सगळं एकत्र. शिवाय बेलफळाचा गर. त्याने लेप घट्ट धरतो. आधी उपवास करून पोट रिकामं करायचं, मग ऊन उतरताना लेप लावायचा.

"आणि महत्त्वाचं," कांचनबाई म्हणाल्या, "लेप वाळेपर्यंत मौन. बोलायचं नाही. हसायचं नाही. भुवई उचलायची नाही. चेहरा हलला तर सगळी तपश्चर्या फुकट. वाळताना ज्याने तोंड उघडलं, त्याच्या पुटकुळ्या दुप्पट झालेल्या मी या डोळ्यांनी बघितल्या आहेत."

"पण ताई," दवणी चाचरत म्हणाली, "ऊन उतरताना माझं काम असतं. वाघ आला तर ओरडावं लागतं."

सगळ्या माकडिणींनी तिच्याकडे बघितलं. कांचनबाईंनीही बघितलं. त्यांच्या डोळ्यांना पापण्या नसल्यामुळे त्या फार प्रेमाने बघतायत असं वाटायचं.

"दवणे, तू किती दिवस दुसऱ्यांसाठी जगणार? कधी स्वतःकडे बघणार आहेस की नाही?"

हे वाक्य दवणीच्या काळजात जाऊन बसलं. असं आजवर कोणी तिला म्हटलं नव्हतं. तिला एकदम जाणवलं की आपण फार सोसलंय. काय सोसलंय ते आठवेना, पण डोळ्यांत पाणी आलं.

"आणि त्यात अपाय तर काहीच नाही ना?" आईने विचारलं.

"अपाय कसा होईल? सगळं नैसर्गिक आहे."

शिबिर सुरू झालं. टोळीतल्या झाडून सगळ्या तरण्या माकडिणी आल्या. ज्यांच्या गालावर काही नव्हतं त्यांनीही पाण्यात नीट बघितल्यावर काही ना काही सापडलं. सगळ्यांनी उपास केला. सगळ्यांनी तोंडाला बोटभर लेप थापला. सगळ्या पाणवठ्याभोवतीच्या झाडांवर ओळीने बसल्या. एरवी तिथे इतका गलका असायचा की कान किटायचे. त्या संध्याकाळी पानसुद्धा वाजत नव्हतं.

"किती शांत वाटतंय!" कांचनबाई म्हणाल्या, आणि बेडकांचा आवाज कुठून येतोय ते बघायला निघून गेल्या.

दवणी अर्जुनाच्या मधल्या फांदीवर बसली होती. काम सोडायचं नाही आणि लेपही सोडायचा नाही, असा तिने मध्यम मार्ग काढला होता. लेप कडक होत चालला होता. गाल आक्रसल्यासारखे वाटत होते. खालून ठिपकी पाडसाला घेऊन आली. तिने वर बघितलं. दवणी आपल्या फांदीवर होती. ठिपकीने निर्धास्तपणे मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागली.

तेवढ्यात गवत हललं.

वाघ आला. तोही पूर्णपणे नैसर्गिक होता.

दवणीला पट्टे दिसले. जवळच दिसले, कारण लांबचं तिला फांदीआड दिसलंच नव्हतं. ओरडायचं, ओरडायचं, असं तिच्या सगळ्या अंगाला कळत होतं. पण लेप अजून कडेला ओला होता. थोडाच वेळ राहिला होता. तोंड उघडलं तर दुप्पट. उपास वाया. चिखल वाया. लिंबाची ती आग, तो कडू पाला, सगळं वाया.

तिने हात हलवले. जोरजोरात हलवले. ठिपकीला पाण्यात वरची हालचाल दिसली. तिने मान वर केली, मैत्रीण हात हलवतेय हे बघितलं, तिला फार दिवसांनी मैत्रीण आनंदात दिसली, म्हणून तिनेही कान हलवले.

मग दवणीने ठरवलं. लेप गेला खड्ड्यात. तिने जीव खाऊन तोंड उघडलं.

उघडलं नाही. बेलाचा गर वाळला की कसा धरतो ते ज्याने बेलफळ खाल्लंय त्याला माहीत आहे. तिचे ओठ चिकटले होते. जबडा हलेना. आतल्या आत तिने टेकडीवरचे पोपट उडतील एवढी किंकाळी फोडली. बाहेर आलं ते फक्त, "म्‌म्‌म्‌म्‌."

बाकीच्या झाडांवरूनही तोच आवाज आला. "म्‌म्‌म्‌म्‌." ऐकायला फार गोड वाटत होतं. लांबून कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय तल्लीन झाल्या आहेत.

ठिपकीने वाघाला बघितलं तेव्हा तो हवेत होता. तिने पळायचा प्रयत्न केला नाही. तिने डोक्याने पाडसाला धक्का दिला. पाडस पाण्यात पडलं, पलीकडे निघालं आणि पळालं. ठिपकी राहिली.

दवणीने दोन्ही हातांनी लेप ओरबाडला. लेपाबरोबर गालाची सालं निघाली. मग तिला ओरडता आलं. ती खूप वेळ ओरडत होती. टेकडीवरचे सगळे पोपट उडाले. पण पाणवठ्यावर आता पळून जायला दुसरं कोणी नव्हतं.

ती रात्रभर रडली असं मी सांगणार नाही, कारण किती रडली ते कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं जंगल तिला भेटायला आलं.

"वाईट झालं," रंभाजी अस्वल म्हणालं. "पण लेप मध्येच काढलास, ते बरं केलं नाहीस."

"ठिपकीची वेळ आली होती," सरूमावशी म्हणाली आणि दवणीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "या बाजूला जरा उतार वाटतोय, नाही?"

"मी ओरडायला हवं होतं," दवणी म्हणाली.

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. मनाला लावून घेतलं की पुटकुळ्या वाढतात."

कांचनबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांनी आधी मौन पाळलं, मग डोळे मिटावेत असं त्यांना वाटलं, पण पापण्या नव्हत्या. "लेपात दोष नव्हता," त्या म्हणाल्या. "श्रद्धेत कमी पडलो आपण. वाघ बघून ज्यांचं मन विचलित झालं, त्यांना फळ कसं मिळणार?"

दवणी उठली आणि नदीवर गेली. तिने साध्या पाण्याने तोंड धुतलं. जखमांना पाणी झोंबलं. मग ती उंबरावर चढली आणि जे हाताला येईल ते खात सुटली. पोट भरल्यावर तिला पुन्हा रडू आलं, पण आता निदान रडायला अंगात ताकद होती.

त्या दिवसापासून ती पुन्हा अर्जुनाच्या अगदी शेंड्यावर बसायला लागली. ठिपकीचं पाडस दुसऱ्या हरणांबरोबर पाण्यावर यायचं. ते आलं की दवणी उगाचच ओरडायची. वारा आला तरी ओरडायची, ससा दिसला तरी ओरडायची. पाडस पळायचं, परत यायचं, परत पळायचं. बाकीच्या हरणांना या प्रकाराचा कंटाळा आला होता. दवणीला चालत होतं.

पाण्यात बघायला तिला आता सवड नव्हती. त्यामुळे कधी पुटकुळ्या कमी झाल्या, कधी गेल्या, हे तिला कळलंसुद्धा नाही. वय सरलं आणि त्या गेल्या. गालावर दोन-तीन खळगे राहिले, ते लिंबाचे आणि ओरबाडण्याचे.

हे तिच्या लक्षात आलं नाही, पण जंगलाच्या आलं.

"बघा!" सरूमावशी म्हणाली. "म्हटलं नव्हतं? कडुलिंब उशिरा लागू पडतो, पण पडतो."

"गोड तोडलं म्हणून," अस्वल म्हणालं.

हैबतरावांनी चिखलाचं श्रेय घेतलं. खारीने लिंबाचं. आणि कांचनबाईंनी तर दवणीचं नाव घेऊनच नवीन शिबिर जाहीर केलं. शेजारच्या जंगलांतून माकडिणी यायला लागल्या. 'जिचा चेहरा बघून मावशी किंचाळली होती, तिला गुण आला' असं शिबिराची दवंडी पिटणारा एक कोल्हा ओरडून सांगायचा.

या शिबिराला वाघाने स्वतःहून पाठिंबा दिला. त्याने कोल्ह्याकडून निरोप पाठवला की तरुण पिढीने निसर्गाकडे वळावं हे बघून त्याला भरून आलंय. शिबिर पाणवठ्यावरच व्हावं, ऊन उतरतानाच व्हावं आणि मौन कडकडीत पाळलं जावं, एवढीच त्याची नम्र सूचना होती. आपण स्वतः कडक मांसाहारी असूनही वनस्पतींबद्दल आपल्याला आदर आहे, असंही तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

दवणी शिबिराच्या जागी गेली. दगडावर चढून म्हणाली, "माझ्या पुटकुळ्या कोणत्याही लेपाने गेल्या नाहीत. आपोआप गेल्या. धनेशवैद्य तसं पहिल्याच दिवशी म्हणाले होते. लेपाने माझी मैत्रीण गेली. इथे बसू नका. बसायचंच असेल तर एक जण तरी लेप न लावता वर बसा."

कांचनबाई नुसत्या हसल्या, रागावल्या नाहीत. त्यांना रागवायची गरज कधीच पडत नसे.

मग नव्याने वयात आलेली एक माकडीण पुढे झाली. तिच्या नाकावर एकुलती एक पुटकुळी होती. ती दवणीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला खरं सांगा. काय लावलंत?"

"काहीच नाही गं. खरंच."

"काहीतरी लावलंच असेल."

"पाणी. नुसतं पाणी."

मुलीचा चेहरा पडला. ती मागे वळून मैत्रिणींकडे गेली.

"सांगत नाही ती," ती म्हणाली. "स्वतःचं झालं ना. आता दुसऱ्या कोणाचं चांगलं व्हायला नको आहे तिला."

आणि ती ओळीत जाऊन बसली. तिच्या तोंडावर बोटभर लेप थापला गेला. पाणवठा शांत झाला. दवणी अर्जुनाच्या शेंड्याकडे धावत सुटली, कारण ऊन उतरत होतं आणि पलीकडे हरणांचा कळप पाण्याकडे निघाला होता.

तात्पर्य : खरं सौंदर्य मनाचं असतं, असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये, त्यांच्या तोंडाकडे नीट बघा, लेप नसतो. 'काही करू नकोस' म्हणणाऱ्या वैद्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये. उपाय नेहमी ज्याला कातडी बदलता येते त्यालाच विचारावा. आणि लेप वाळत असताना समोर वाघ आला, तर घाबरून तोंड उघडू नये. तो आपल्यासाठी आलेला नसतो. तो खाली उभ्या असलेल्या कोणा मैत्रिणीसाठी आलेला असतो, आणि तिच्या गालाची चौकशी करायला पुन्हा कोणी येत नाही.